कार्यालयातील ग्रुप, फाइल आणि आपली वाणी

(नोकरी करणाऱ्या साधकांच्या साप्ताहिक अभ्यासवर्गासाठी)

दिल्लीत आयएनए मार्केट आणि सरोजिनी नगर यांच्या परिसरात लक्ष्मीबाई नगर ही केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची वसाहत आहे. झाशीच्या राणीचे नाव तिला दिलेले आहे. मोरोपंत तांबे यांची कन्या आणि नेवाळकरांची सून असलेल्या राणीचे नाव असल्यामुळे दिल्लीतल्या मराठी माणसाला ती वसाहत ऐकताक्षणी आपली वाटते. इथले रहिवासी सकाळी डबा घेऊन कोणी लोधी रोडच्या सीजीओ कॉम्प्लेक्समध्ये, कोणी कर्तव्य पथाच्या बाजूच्या भवनांमध्ये कामाला जातात. मात्र हल्ली कार्यालय सुरू होते ते तिथे पोहोचल्यावर नाही. मेट्रोत उभे असतानाच हातातल्या फोनवर सेक्शनचा ग्रुप, मंत्रालयाचा ग्रुप, ‘अर्जंट पार्लमेंट क्वेश्चन’ नावाचा ग्रुप आणि वसाहतीच्या पाण्याचा ग्रुप एकदम जागे होतात. मुंबईत मंत्रालयात, पुण्यात आयटी कंपनीत किंवा नागपुरात बँकेत काम करणाऱ्या साधकांची स्थितीही याहून वेगळी नाही.

आपण दिवसातले आठ-नऊ तास कार्यालयात घालवतो. सकाळच्या ध्यानाला वीस मिनिटे आणि या साधनांना दिवसभर, असा हिशेब असेल तर आपल्या मनाची खरी घडण कुठे होते, हे स्वतःला विचारले पाहिजे. म्हणूनच या पाठात आपण ही साधने काय आहेत, ती कशासाठी आहेत आणि त्यांच्यासोबत साधकाने कसे राहावे याचा विचार करणार आहोत.

१. ही साधने कुठून आली?

सहकाऱ्याला यंत्रावरून निरोप पाठवण्याची सोय तशी जुनी आहे. १९७१ मध्ये रे टॉमलिन्सन यांनी एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर ई-मेल पाठवला आणि पत्त्यात ‘अ‍ॅट’ हे चिन्ह वापरले. १९९५ मध्ये वॉर्ड कनिंगहॅम यांनी ‘विकी’ आणली. विकी या हवाईयन शब्दाचा अर्थ ‘झटपट’ असा आहे. एकच पान अनेकांनी मिळून लिहायचे आणि सुधारायचे, ही कल्पना तिथून रुजली. त्यानंतर एकच कागद अनेकांना एकाच वेळी लिहिता येईल अशी गूगल डॉक्स ही सेवा आली. २००९ मध्ये व्हॉट्सअ‍ॅप, २०१३ मध्ये स्लॅक आणि २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्ट टीम्स आले. आज एखाद्या कंपनीतला तरुण यांपैकी तीन-चार साधने एका दिवसात वापरतो.

सरकारी कार्यालयांची वाट थोडी वेगळी होती. १९७६ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने, म्हणजे एनआयसीने, ‘ई-ऑफिस’ ही यंत्रणा तयार केली. तिच्यात फाइल पुढे सरकवण्याची सोय तर आहेच. शिवाय ज्ञानसंग्रह, रजा, दौरे आणि सहकाऱ्यांशी संदेशांची देवाणघेवाण यांचेही वेगवेगळे भाग आहेत. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा अनेक मंत्रालयांतल्या फाइली घरातल्या जेवणाच्या टेबलावरून पुढे सरकल्या, त्या या यंत्रणेमुळेच. एनआयसीनेच पुढे ‘संदेस’ हे सरकारी कामासाठीचे संदेश-अ‍ॅप दिले. सप्टेंबर २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘मिशन कर्मयोगी’ला मंजुरी दिली. त्याच्या ‘आयगॉट’ या शिक्षणमंचावर अभ्यासक्रमांसोबत चर्चा करण्यासाठी आणि दुसऱ्या विभागातल्या सहकाऱ्यांशी जोडून घेण्यासाठी स्वतंत्र दालने आहेत.

कर्मचाऱ्यांच्या शिक्षणाच्या योजनेला ‘कर्मयोगी’ हे नाव मिळाले, याकडे आपण थोडे थांबून पाहावे. ते नाव आपल्याला परिचित आहे. त्या नावाला साजेल असे काम मात्र ज्याचे त्याने करायचे आहे. त्यात सॉफ्टवेअरची मदत एका मर्यादेपर्यंतच होते.

२. संपर्क आणि सहकार्य

या साधनांचा विचार करताना दोन शब्द वेगळे ठेवले पाहिजेत. संपर्क म्हणजे एकमेकांपर्यंत पोहोचणे. सहकार्य म्हणजे एकमेकांचे काम सोपे करणे. संपर्क वाढला की सहकार्य आपोआप वाढते, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात तसे होतेच असे नाही.

साठ जणांच्या ग्रुपवर कोणी विचारले, “मागच्या वर्षीचे परिपत्रक कोणाकडे आहे का?” त्यावर तिघांनी ‘बघतो’ लिहिले, दोघांनी हात जोडल्याचे चित्र टाकले आणि एकाने वेगळेच परिपत्रक पाठवले. संपर्क भरपूर झाला. पण ज्या सहकाऱ्याने गेल्या वर्षीची सर्व परिपत्रके तारखेनुसार एका सामायिक फोल्डरमध्ये लावून ठेवली आणि त्याची माहिती सर्वांना एकदाच दिली, त्याने सहकार्य केले. त्याचे नाव ग्रुपवर फारसे दिसणार नाही. त्याच्यामुळे वाचलेले तास मात्र साठ जणांचे आहेत.

समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेला दिला आहे. अक्षर कसे असावे, ओळी कशा सरळ असाव्यात, दोन ओळींत अंतर किती असावे, ग्रंथाच्या आरंभीचे आणि शेवटचे अक्षर एकसारखे कसे असावे, इतक्या बारकाव्यांचा विचार त्यांनी एका आध्यात्मिक ग्रंथात केला. त्यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. लिहिणारा लिहून निघून जातो. वाचणारा नंतर येतो, आणि त्याला विचारायला लिहिणारा तिथे नसतो. म्हणून लिहिताना त्या न पाहिलेल्या वाचणाऱ्याची काळजी घ्यायची. आजच्या सामायिक कागदपत्रांनाही हाच नियम लागू आहे. फाइलला ‘फायनल’, ‘फायनल-२’, ‘नवीन फायनल’ अशी नावे देणारा माणूस स्वतःपुरता विचार करतो. तारीख, विषय आणि आवृत्ती लिहून नाव देणारा माणूस दुसऱ्याचा विचार करतो. इतक्या लहान गोष्टीतही सेवा होऊ शकते.

३. ग्रुपवरचा निर्णय आणि फाइलवरची नोंद

आता या पाठातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा पाहू. एक प्रसंग कल्पनेने उभा करू या. समजा, एका कार्यालयात दिवंगत कर्मचाऱ्याच्या पत्नीचे कुटुंब निवृत्तीवेतनाचे प्रकरण आले. तिची जन्मतारीख दोन कागदांवर वेगवेगळी आहे. सहायकाने सेक्शनच्या ग्रुपवर अडचण विचारली. वरिष्ठ दौऱ्यावर होते. त्यांनी तिथेच उत्तर दिले, “शपथपत्र घ्या आणि पुढे पाठवा.” सहायकाने तसे केले. काम वेगाने झाले म्हणून सर्वांना बरे वाटले. चार महिन्यांनी वरिष्ठांची बदली झाली, सहायकाने फोन बदलला आणि जुने संदेश गेले. मग लेखा कार्यालयाने विचारले, “ही तारीख कोणाच्या आदेशाने मान्य केली?” फाइलवर त्याचे उत्तर नाही. नवे अधिकारी सही करायला कचरतात, आणि त्यांचे कचरणेही चुकीचे म्हणता येत नाही. प्रकरण पुन्हा पहिल्या पायरीवर येते. ती बाई पुन्हा स्वागतकक्षात पास काढून बसते.

इथे कोणाचीही नियत वाईट नव्हती. सर्वांनी मदतच केली. तरीही ज्याच्यासाठी मदत केली त्याच्याच वाट्याला त्रास आला. कारण निर्णय आपल्या फोनमध्ये राहिला. त्या बाईच्या फाइलमध्ये गेला नाही.

नियम याबाबतीत स्पष्ट आहेत. केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ मधील तिसऱ्या नियमानुसार वरिष्ठाचा आदेश शक्यतो लेखी असावा. तोंडी आदेश देणे टाळता आलेच नाही, तर वरिष्ठाने तो लगेच लेखी कळवावा आणि कनिष्ठानेही तशी लेखी पुष्टी मागून घ्यावी. ३१ ऑक्टोबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने टी. एस. आर. सुब्रमण्यन यांच्या याचिकेवर निर्णय देतानाही सनदी अधिकाऱ्यांनी तोंडी सूचनांवर काम करू नये, त्या नोंदवून घ्याव्यात, यावर भर दिला. सार्वजनिक अभिलेख अधिनियम, १९९३ मध्ये संगणकाने तयार केलेले साहित्यही सार्वजनिक अभिलेखात धरले आहे. माहिती अधिकार अधिनियम, २००५ मध्ये ‘माहिती’च्या व्याख्येत ई-मेल आणि अभिप्राय यांचाही समावेश आहे. ‘तो तर नुसता मेसेज होता’ असे म्हणून आपली सुटका होत नाही.

म्हणून एक साधी सवय लावून घ्यावी. ग्रुपवर किंवा फोनवर कामाचा निर्णय झाला, तर त्याच दिवशी दोन ओळी फाइलवर लिहाव्यात : काय विचारले, कोणी काय सांगितले, कोणत्या तारखेला. खासगी कंपनीत असाल तर त्याच दोन ओळी ई-मेलने सर्व संबंधितांना पाठवाव्यात. वरिष्ठ असाल तर कनिष्ठाने पुष्टी मागितली म्हणून रागावू नये. तो आपल्यावर अविश्वास दाखवत नाही. पुढच्या माणसाला उत्तर मिळावे याची तो सोय करतो आहे.

सत्य बोलणे ही साधना आपण मानतो. सत्य नोंदवून ठेवणे हाही त्याच साधनेचा भाग आहे.

४. पिवळी नोंद आणि हिरवी नोंद

ई-ऑफिस वापरणाऱ्यांना एक गोष्ट रोज दिसते. फाइलवर टिपणी लिहिताना ‘पिवळी नोंद’ आणि ‘हिरवी नोंद’ असे दोन पर्याय असतात. पिवळी नोंद हा कच्चा मसुदा असतो. ती बदलता येते, टाकूनही देता येते. हिरवी नोंद लिहून फाइल पुढे पाठवली, की तिच्यात खाडाखोड करता येत नाही. नाव, तारीख आणि वेळ यांसह ती कायम राहते. कागदी फाइलमधला टिपणीचा कागदही हिरवाच असे.

ज्या कोणी ही रचना केली, त्याने मनुष्यस्वभाव ओळखून केली आहे असे वाटते. विचार मनात येणे आणि तो जगात सोडणे यांच्यामध्ये एक जागा हवी. फाइलवर ती जागा पिवळ्या रंगाने राखून ठेवली आहे. आपल्या फोनवर ती कोणी राखून ठेवलेली नाही. अंगठा दाबला की संदेश गेला. त्यामुळे ती जागा आपल्याला मनातच तयार करावी लागते. राग आला असताना लिहिलेला संदेश आधी स्वतःलाच पाठवावा, किंवा टिपणवहीत लिहून ठेवावा आणि जेवणानंतर पुन्हा वाचावा. त्यातला बराचसा भाग तेव्हा पाठवण्यासारखा वाटणार नाही. ध्यानात आपण विचार येताना पाहायला शिकतो. त्याचा उपयोग कुठे करायचा, असे नवे साधक विचारतात. त्याचा पहिला उपयोग इथे आहे.

५. वाणीच्या चार कसोट्या

गीतेच्या सतराव्या अध्यायात शरीराचे, वाणीचे आणि मनाचे तप सांगितले आहे. वाणीच्या तपाचे वर्णन करताना चार गोष्टी येतात : बोलणे दुसऱ्याच्या मनाला अस्वस्थ न करणारे, खरे, गोड आणि हिताचे असावे. या चार कसोट्या कार्यालयातल्या ग्रुपला लावून पाहू.

पहिली कसोटी, दुसऱ्याला अस्वस्थ न करणे. “हे काम अजून का झालेले नाही?” हे वाक्य एकट्याला विचारले तर तो प्रश्न असतो. साठ जणांसमोर विचारले तर ती शिक्षा होते, आणि त्या माणसाची आई त्या दिवशी सफदरजंग रुग्णालयात असेल तर ती अन्यायही होते. चूक दाखवायची तर एकट्याला दाखवावी, शक्यतो समोर बसून. कौतुक मात्र सर्वांसमोर करायला हरकत नाही.

दुसरी कसोटी, सत्य. महागाई भत्त्याबद्दलची बनावट परिपत्रके सरकारी वसाहतींमध्ये वरचेवर फिरतात. त्यांवर शिक्का असतो, सही असते, क्रमांकही असतो. पत्र सूचना कार्यालयाने नोव्हेंबर २०१९ मध्ये तथ्य-तपासणीचा विभाग सुरू केला आणि अशी परिपत्रके खोटी असल्याचे त्याने अनेकदा जाहीर केले आहे. मूळ खात्याच्या संकेतस्थळावर परिपत्रक दिसल्याशिवाय पुढे पाठवू नये. ‘जसे आले तसे पाठवले’ असे लिहिल्याने आपली जबाबदारी संपत नाही.

तिसरी कसोटी, गोडवा. गोडवा म्हणजे खुशामत नव्हे. नुसते प्रश्नचिन्ह पाठवणे, नाव न घेता ‘काही लोकांना’ टोमणा मारणे, कोणी दोन तास खपून लिहिलेल्या मजकुरावर ‘ओके’ एवढेच लिहिणे, या लहान गोष्टींतून कटुता साठत जाते. समोरासमोर बोलताना चेहरा आणि आवाज शब्दांना सांभाळून घेतात. लिहिलेल्या शब्दाला ती मदत नसते. म्हणून लिहिताना एखादा शब्द जास्त खर्च करावा. “अहवाल मिळाला, वाचून संध्याकाळपर्यंत कळवतो,” एवढ्याने समोरच्याचा दिवस हलका होतो.

चौथी कसोटी, हित. हे लिहिल्याने कोणाचे भले होणार आहे? माहिती खरी आहे, शब्द गोड आहेत, पण तिची इथे गरजच नसेल तर साठ जणांची मिनिटे आपण उगाच घेतली. काहीही न लिहिण्याचा पर्यायही आपल्याकडे नेहमी असतो.

त्याच ठिकाणी गीतेने स्वाध्यायाचाही वाणीच्या तपात समावेश केला आहे. त्याला अनुसरून आपण एक प्रयोग करू शकतो. दर रविवारी, आपण आठवड्यात पाठवलेले संदेश शांतपणे वाचावेत. इतरांचे नव्हे, फक्त आपले. कोणाशी आपण कोणत्या स्वरात बोलतो, साहेबांशी आणि शिपायाशी बोलण्यात किती फरक असतो, हे तिथे लख्ख दिसते.

६. जे आपल्यावर विश्वासाने सोपवले आहे

कार्यालयात आपल्या हाती येणारी बरीच माहिती आपली नसते. कोणाचा आजार, कोणाचा पगार, कोणाविरुद्धची तक्रार, अजून जाहीर न झालेला निर्णय. वर्तणूक नियमांतील अकरावा नियम अधिकृत माहिती अनधिकृतपणे देण्याबाबत आहे. केंद्राच्या ई-मेल धोरणानुसार सरकारी पत्रव्यवहारासाठी खासगी ई-मेल सेवा वापरायची नाही. जानेवारी २०२५ मध्ये अर्थ मंत्रालयाने कार्यालयीन संगणकांवर कृत्रिम बुद्धिमत्तेची चॅटजीपीटी आणि डीपसीक यांसारखी साधने वापरू नयेत, असे कळवले. त्यामागेही सरकारी कागदपत्रांच्या गोपनीयतेचीच चिंता होती. महाराष्ट्र शासनाच्या सामान्य प्रशासन विभागानेही जुलै २०२५ मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांना समाजमाध्यमांविषयी सूचना दिल्या. वैयक्तिक आणि कार्यालयीन खाते वेगळे ठेवावे आणि परवानगीशिवाय गोपनीय कागद टाकू नयेत, हे त्यांत आहे.

नियम शिक्षेच्या भीतीने पाळता येतात. साधकाने ते विश्वासाच्या नात्याने पाळावेत. आपल्या टेबलावरच्या कागदाचा फोटो काढून ‘फक्त तुलाच पाठवतो’ असे म्हणताना, ज्या माणसाचे नाव त्या कागदावर आहे तो आपल्या शेजारी उभा आहे अशी कल्पना करावी. त्याच्या देखत आपण तो फोटो पाठवला असता का? मंडळी, आपले स्वतःचे वैद्यकीय बिल मंजुरीसाठी गेले असताना ते कोणी ग्रुपवर टाकलेले आपल्याला चालेल का?

७. लक्ष आणि विश्रांती

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन शाखेतील ग्लोरिया मार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये कामात येणाऱ्या व्यत्ययांवर एक प्रयोग मांडला. ज्यांच्या कामात वारंवार व्यत्यय आणला, त्यांनी काम उशिरा संपवले असेल असे आपल्याला वाटते. उलट त्यांनी ते लवकर संपवले. पण त्यांचा ताण, वैताग आणि घाई यांत वाढ झालेली आढळली. ही गोष्ट नीट समजून घ्यावी. व्यत्ययाची किंमत कामात लगेच दिसत नाही. ती माणसाकडून वसूल होते. संध्याकाळी घरी आल्यावर मुलाने वही पुढे केली की आपण का खेकसतो, याचे एक कारण इथे सापडते.

फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून कामाच्या वेळेनंतर संपर्कापासून दूर राहण्याच्या कर्मचाऱ्याच्या हक्काला कायद्यात स्थान मिळाले. आपल्याकडे बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी डिसेंबर २०१८ मध्ये याच विषयावर लोकसभेत खासगी विधेयक मांडले. त्याचा कायदा झाला नाही, पण हा प्रश्न घराघरातला आहे हे त्यातून संसदेसमोर आले.

कायदा होईपर्यंत आपण थांबण्याची गरज नाही. संसदेचे अधिवेशन चालू असताना रात्री उत्तर तयार करावे लागते, हे खरे आहे. रुग्णालय, रेल्वे, वीज यांच्या सेवेत रात्रीचा फोन उचलावाच लागतो. पण रात्री साडेदहाला सुचलेला विचार रात्री साडेदहालाच कनिष्ठांना पाठवण्याची गरज क्वचितच असते. जो वरिष्ठ आहे त्याने ही सुरुवात करावी. संदेश लिहून ठेवावा आणि सकाळी पाठवावा. खरोखर तातडीचे असेल तर फोन करावा. तातडीच्या कामाला फोन आणि बाकीच्याला सकाळ, एवढा संकेत एका सेक्शनने पाळला तरी दहा घरांतले रात्रीचे जेवण शांतपणे होईल. मन सतत कोणाच्या तरी हाकेची वाट पाहत असेल तर ते ध्यानालाही बसत नाही, हा अनुभव आपल्यापैकी अनेकांचा आहे.

जून २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने वसुलीच्या एका प्रकरणात व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली नोटीस निळ्या खुणांवरून पोहोचल्याचे आणि उघडल्याचे मान्य केले. न्यायालयीन कामापुरते ते योग्यच आहे. घराघरांत मात्र आपण त्या निळ्या खुणांचे न्यायाधीश होऊ नये. ‘वाचले तरी उत्तर दिले नाही’ हा आरोप मनात तयार होण्याआधी समोरचा गाडी चालवत असेल, रडत असेल किंवा विचार करत असेल, याला जागा ठेवावी.

८. ग्रुपप्रमुखाचे कर्तव्य

ग्रुपवर एखाद्या सदस्याने आक्षेपार्ह मजकूर टाकला तर त्यासाठी ग्रुपप्रमुख गुन्हेगार ठरतो का? मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये सांगितले की, समान हेतू किंवा पूर्वनियोजन असल्याचे दिसत नसेल तर केवळ ग्रुपप्रमुख आहे म्हणून त्याला जबाबदार धरता येत नाही. कायद्याने दिलेला हा दिलासा आहे. पण कायद्याची जबाबदारी नाही म्हणून नैतिक जबाबदारीही नाही, असे समजू नये. घरी चार माणसे बोलावली आणि एकाने दुसऱ्याचा अपमान केला, तर यजमान गप्प बसत नाही.

आपल्या सेवाकार्याचे ग्रुपही या कक्षेत येतात. रक्तदान शिबिराची वेळ बदलल्याचा निरोप चाळीस ‘सुप्रभात’ चित्रांखाली गाडला जातो आणि दोन ज्येष्ठ सेवक जुन्या वेळेला जाऊन उन्हात उभे राहतात. ही भक्ती नव्हे. सूचनांचा ग्रुप फक्त सूचनांसाठी ठेवावा. गप्पांसाठी आणि शुभेच्छांसाठी हवा तर दुसरा करावा. ग्रुप कशासाठी आहे हे त्याच्या वर्णनात एका वाक्यात लिहावे. काम संपले की ग्रुप बंद करावा. जे फोन नीट वापरू शकत नाहीत, त्यांना निरोप तोंडी पोहोचवण्याची जबाबदारी एकाने नावानिशी घ्यावी.

९. आठवड्याचा अभ्यास

या आठवड्यात पुढील पाच गोष्टी करून पाहाव्यात.

पहिली, सकाळची साधना होईपर्यंत कामाचा एकही ग्रुप उघडू नये.

दुसरी, दिवसातून एक तास सर्व सूचना बंद ठेवून एकच काम करावे आणि त्याची कल्पना सहकाऱ्यांना आधी द्यावी.

तिसरी, संदेशावर झालेला प्रत्येक निर्णय त्याच दिवशी फाइलवर किंवा ई-मेलवर नोंदवावा.

चौथी, रागाचा संदेश लगेच न पाठवता ‘पिवळी नोंद’ म्हणून बाजूला ठेवावा.

पाचवी, ज्या सहकाऱ्याशी केवळ ग्रुपवरच बोलणे होते, त्याच्या टेबलापाशी जाऊन पाच मिनिटे बसावे. चहा मागवला तर उत्तमच.

अभ्यासवर्गात चर्चेसाठी काही प्रश्न :

- माझी उद्या बदली झाली, तर माझ्या जागी येणाऱ्याला माझ्या कामातले काय काय सापडणार नाही?
- मी ग्रुपवर कोणाला सर्वांसमोर दुखावले आहे का? त्याच्याशी मी समोर जाऊन बोललो का?
- माझे कनिष्ठ माझ्या संदेशांची रात्री वाट पाहतात का? ते भीतीने की गरजेने?
- मला ठाऊक असलेली कोणती माहिती मी सामायिक ठिकाणी ठेवली, तर इतरांचे कष्ट वाचतील? मी ती का ठेवलेली नाही?

शेवटच्या प्रश्नावर थोडा अधिक वेळ द्यावा. ‘हे फक्त मलाच माहीत आहे’ यातून कार्यालयात एक प्रकारचे महत्त्व मिळते आणि ते सोडवत नाही. आपल्याकडचे ज्ञान दुसऱ्याच्या हाती सहज देता येणे हा निष्काम कर्माचा आजच्या कार्यालयातला एक सोपा आणि कठीण पाठ आहे. निवृत्तीच्या दिवशी आपण वसाहतीतले घर रिकामे करतो, चावी परत करतो. त्या दिवशी आपल्यामागे व्यवस्थित लावलेल्या फाइली आणि न दुखावलेली माणसे राहिली, तर आपण या साधनांचा उपयोग नीट केला असे म्हणता येईल.